शंभर वादक, एक मुलगी आणि नावाची अट

हातात कला आहे, अंगात उमेद आहे, पण वय उताराला लागलंय आणि दारात कुणी उभं करत नाही, अशा शंभर वादकांना काम कसं मिळतं, हा या प्रकरणाचा विषय. वादक कल्पित आहेत. त्यांची अडचण मात्र खरी, तारीखवार नोंदवलेली आहे.

'वन हंड्रेड मेन अँड अ गर्ल' हा युनिव्हर्सल स्टुडिओचा संगीतमय विनोदी चित्रपट सप्टेंबर १९३७ मध्ये पडद्यावर आला. दिग्दर्शक हेन्री कॉस्टर, निर्माता जो पास्टरनाक, मूळ कथा हान्स क्रॅलीची. मुलीच्या भूमिकेत डिअ‍ॅना डर्बिन, तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची. बापाच्या भूमिकेत अ‍ॅडॉल्फ मेन्जू. आणि स्वतःच्याच भूमिकेत लिओपोल्ड स्टोकोव्स्की, म्हणजे १९१२ पासून फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राला घडवणारा, बॅटन म्हणजे संचालकाची छडी न घेता मोकळ्या हातांनी वाद्यवृंदाचं संचलन करणारा विख्यात संचालक. उत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर नामांकनं या चित्रपटाला मिळाली, त्यांतलं संगीताचं पारितोषिक पदरात पडलं. तेही एका संगीतकाराच्या नावे नव्हे. युनिव्हर्सलच्या संगीत विभागाला, विभागप्रमुख चार्ल्स प्रेव्हिन यांच्या हाती. चित्रपटात वाजतात ते मोझार्ट, लिस्ट, चायकोव्स्की आणि व्हेर्डी. नव्या चालींची एक-दोन गाणी आहेत तेवढीच.

लोक हा चित्रपट डर्बिनच्या आवाजासाठी पाहतात आणि गोड गोष्ट म्हणून विसरतात. मला तो काम मिळण्याच्या व्यवहाराचा फार बारकाईने केलेला तपास वाटतो, आणि शेवट गोड आहे म्हणून त्या तपासाकडे दुर्लक्ष व्हावं हे मला पटत नाही.

आधीची परिस्थिती

१९२७ पर्यंत अमेरिकेतल्या सिनेमागृहांत पडद्यासमोर माणसं वाजवत बसत. लहान गावात एखादा पियानो किंवा ऑर्गन, मोठ्या शहरात पूर्ण वाद्यवृंद. दररोज खेळ, दररोज वादन, आठवड्याला ठरलेला पगार. कॉन्सर्ट हॉलमध्ये नाव असलेल्या मूठभरांच्या मागे हा फार मोठा वर्ग होता आणि त्याचं पोट पडद्यासमोरच्या, वादकांसाठी केलेल्या खड्ड्यातल्या या खुर्चीवर होतं. बोलपट आला आणि तीन-चार वर्षांत ती खुर्ची गेली. एका ठिकाणी एकदा वाजवलेलं संगीत देशभरातल्या थिएटरांत ऐकू येऊ लागलं. वादकांच्या संघटनेने १९३० मध्ये वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन 'यंत्रमानवाच्या' संगीताविरुद्ध मोहीम चालवली. लोकांनी जाहिराती वाचल्या आणि बोलपटाची तिकिटं काढली. वर मंदी आलीच.

त्यात काळ स्विंगचा, म्हणजे नाचायला लावणाऱ्या जॅझचा. ऑगस्ट १९३५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये बेनी गुडमनच्या बँडने तरुणाईला वेड लावलं, तिथून पुढची दहा वर्षं नाचाच्या बँडची. काम होतं ते तिथे. पण अशा बँडला माणसं लागतात चौदा-पंधरा. तीही रोज नव्या गावी बसने जाणारी, रात्रभर वाजवणारी, तालाला वेगळा झोल देणारी. आयुष्यभर पानावरच्या स्वरलिपीला प्रामाणिक राहिलेल्या, बिऱ्हाड आणि सांधे दोन्ही सांभाळणाऱ्या माणसाला तिथे जागा कुठली?

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चित्रपटातला बाप, जॉन कार्डवेल, ट्रॉम्बोन हे पितळी फुंकवाद्य वाजवतो. १९३७ मध्ये ट्रॉम्बोनइतकं तेजीत असलेलं वाद्य दुसरं क्वचितच असेल. नाचाच्या बँडचे म्होरके पाहा: टॉमी डॉर्सी ट्रॉम्बोनवाला, ग्लेन मिलर ट्रॉम्बोनवाला. वाद्य तेच. तरीही याच्याकडे भाडं भरायला पैसे नाहीत. लेखकाने हे जाणून केलं असो वा नसो, बेकारीचं नेमकं रूप यातून कळतं. माणसाचं कौशल्य बाजारातून गेलेलं नव्हतं. ते ज्या जागी बसून वापरायचं, ती जागा गेली होती.

घटनाक्रम

कार्डवेल मैफलीनंतर स्टोकोव्स्कीला गाठायला जातो. भेट होत नाही, दारावरचा माणूस त्याला हाकलतो. तिथेच एका श्रीमंत बाईची पर्स सापडते. ती परत करायचा प्रयत्नही दारावरच फसतो. घरी येतो तर घरमालकीण भाड्यासाठी उभी. पर्समधल्या पैशांतून भाडं चुकतं होतं, आणि पैसे आले म्हणजे नोकरी लागली असणार, असं सगळे समजतात. हा नाही म्हणत नाही. मुलगी पॅट्सीसुद्धा आनंदाने वेडी होते.

पुढे खोटं उघडं पडतं. पॅट्सी पर्स परत करायला जाते. ती असते मिसेस फ्रॉस्ट यांची. पार्टी रंगात असते, मुलगी गाते, पाहुणे खूष होतात. बेकार वादकांचा विषय निघतो तेव्हा बाई सहज म्हणून जातात की तुम्ही वाद्यवृंद जमवा, माझे यजमान रेडिओवर त्याला पाठबळ देतील. मुलगी तो शब्द खरा धरते. शंभर माणसं गोळा होतात. एक गॅरेज भाड्याने घेतलं जातं, तालमी सुरू होतात. आणि बाईसाहेब युरोपच्या वाटेला लागलेल्या असतात.

आता फ्रॉस्टसाहेबांचं गॅरेजमध्ये येणं. या प्रसंगापाशी मी दर वेळी थांबतो. युजीन पॅलेटने हा धनिक असा उभा केलाय की त्याच्यावर धड रागही धरता येत नाही. तो दुष्ट नाही. त्याने काही कबूल केलेलं नाही. तो म्हणतो ते एवढंच, की या लोकांना कुणी ओळखत नाही, अनोळखी वाद्यवृंद रेडिओवर कोण ऐकणार? नाव हवं. एखादा मोठा संचालक आणा, मग बोलू. व्यापारी म्हणून त्याचं काहीच चुकत नाही. समोर शंभर माणसं वाद्यं हातात धरून बसली आहेत, ती चांगली वाजवतात हे त्याच्या कानांवर पडलं आहे, तरी ते ऐकणं त्याच्या हिशेबात धरलं जात नाही. वादनाचा दर्जा इथे चर्चेलाच येत नाही.

मोठ्या संचालकाची अट आली की गाडं पुन्हा पहिल्या दारावर येऊन अडतं. ज्या स्टोकोव्स्कीला एक वादक भेटू शकला नाही, त्याला शंभरांनी कसं भेटायचं? पोहता आल्याशिवाय पाण्यात सोडायचं नाही आणि पाण्यात उतरल्याशिवाय पोहणं येत नाही, तशी ही कोंडी आहे. प्रायोजक संचालकाकडे बोट दाखवतो. संचालकाकडे जायची वाट प्रायोजकाच्या ओळखीतून जाते. आपल्याकडे याला सरळ वशिला म्हणतात, आणि ज्याचा वशिला नाही त्याचं वय जितकं वाढेल तितका 'इतकी वर्षं कुठे होता?' हा प्रश्न धारदार होत जातो.

पॅट्सी तालमीत घुसते. स्टोकोव्स्कीसमोर मोझार्टचं 'आलेलुया' गाते, तो थक्क होतो. पण त्याचं थक्क होणं तिच्या आवाजापुरतंच असतं, बापाच्या ट्रॉम्बोनशी त्याचा संबंध नाही. मग त्याच्या कचेरीतला फोन वाजतो. ती उचलते आणि पलीकडच्या वार्ताहराला सांगून टाकते की स्टोकोव्स्की बेकारांच्या वाद्यवृंदाचं संचलन करणार आहेत. बातमी छापून येते. फ्रॉस्टचा रस एकाएकी जागा होतो, करार होतो. वादक कालचेच, गॅरेज कालचंच, वाजवणंही कालचंच. बदललं ते वर्तमानपत्रातलं एक वाक्य, आणि तेही खोटं.

या सगळ्यात जोखीम कोण उचलतं, तेही पाहण्यासारखं आहे. फ्रॉस्ट नाव मिळेपर्यंत एक पैसा लावत नाही. उधारीवर चालतं ते गॅरेजवाल्याचं भाडं आणि टॅक्सीवाल्याचं मीटर. मुलीला गावभर फिरवणारा तो टॅक्सीवाला मीटर चालूच ठेवतो, आज ना उद्या वसूल होईल म्हणून. ज्यांना गमावणं परवडत नाही तेच पहिले विश्वास टाकतात, हे दाखवायला चित्रपटाला एकही भाषण लागलेलं नाही. विनोदी चित्रपटांची ही ताकद मला गंभीर चित्रपटांपेक्षा मोठी वाटते.

जिन्यावरची तालीम

स्टोकोव्स्की नकार देतो. तो युरोपला निघालाय, त्याला या वाद्यवृंदाची माहितीही नव्हती, आणि त्याच्या नावाने परस्पर बातमी छापून आली आहे. त्याचाही नकार वाजवीच.

मग शंभर वादक त्याच्या घरात शिरतात. जिन्याच्या पायऱ्यांवर, कठड्यांलगत, दिवाणखान्यात, जिथे जागा मिळेल तिथे उभे राहतात आणि लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हाप्सोडी सुरू करतात. स्टोकोव्स्की वरच्या मजल्यावर बाहेर येतो. कॅमेरा त्याच्या हातांवर ठरतो. आधी ते हात नुसते आहेत. मग बोटं किंचित हलतात. आपण संचलन करतोय हे त्याच्या ध्यानात येण्याआधी हात कामाला लागलेले असतात. खालचे वादक वर पाहतात आणि वादनात फरक पडतो. रचना मंद, भारदस्त सुरुवातीकडून वेगाच्या दुसऱ्या भागात जाते तेव्हा तो पूर्णपणे त्यांचा झालेला असतो.

निवड फार विचाराने केलेली आहे. या ऱ्हाप्सोडीचा पहिला भाग संचालकाशिवाय जवळपास निभत नाही. लय ओढायची, सोडायची, थबकायचं, पुन्हा उचलायचं, हे शंभर जणांना एकमताने करता येत नाही. म्हणजे वादकांनी अशी चीज निवडली जिच्यात संचालकाची जागा रिकामी दिसत राहते. विनवणी शब्दांत न करता रचनेतच करून ठेवली आहे. संचालक मंडळी हे पाहून अस्वस्थ होत असतील, इतकं ते नेमकं आहे.

यशाचा निर्णय इथे होतो, पुढच्या मैफलीत नव्हे. कुणी अर्ज केला नाही, कुणाची चिठ्ठी आणली नाही. फक्त ज्याला ऐकणं भाग होतं त्याला ऐकायला लावलं. आणि तेवढं पुरलं. गुणवत्तेची कमतरता या प्रकरणात कधीच नव्हती, चित्रपटात कुणीही 'अजून रियाज करा' असं सांगत नाही. अडलं होतं ते ऐकून घेणाऱ्यापाशी. उतारवयातलं यश म्हणजे उशिरा फुललेली प्रतिभा, असा समज सगळीकडे आहे. माझं मत उलटं आहे. बहुतेक वेळा प्रतिभा वेळेवर फुललेली असते, कान उशिरा पोचतात.

पण ऐकायला लावण्याचे मार्ग कोणते? पर्सचं खोटं, फोनवरचं खोटं, आणि परक्याच्या घरात घुसणं. जिथे पॅट्सी सरळ वागते, पर्स परत करते, तिथे तिच्या हाती पोकळ आश्वासन येतं. चित्रपट हे हसत सांगतो, पण सांगतो. कॉस्टर बर्लिनचा ज्यू, १९३३ मध्ये जर्मनी सोडून निघालेला. या चित्रपटातलं 'इट्स रेनिंग सनबीम्स' रचणारा फ्रीडरिश होलेंडरही तसाच परागंदा. आपलं काम उत्तम असूनही एका रात्रीत दारं कशी बंद होतात, हे त्यांना कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

पडद्याबाहेर

आता कथेतला उपाय खऱ्या जगाशी ताडून पाहू. सरकारने १९३५ मध्ये फेडरल म्युझिक प्रोजेक्ट सुरू केला होता. त्याचे प्रमुख निकोलाय सोकोलॉफ, पूर्वीचे क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राचे संचालक. ऐन भरात असताना या योजनेवर सुमारे १६,००० माणसं कामाला होती. वाद्यवृंद, बँड, संगीताचे वर्ग, स्वस्त तिकिटांच्या मैफली. म्हणजे चित्रपटातल्या वादकांसारख्यांना १९३७ मध्ये खरोखर काम मिळत होतं, आणि ते देणारी संस्था सार्वजनिक होती. चित्रपटात तिचा मागमूस नाही. श्रीमंताचा शब्द, मोठ्या माणसाची कृपा आणि एका मुलीची जिद्द, एवढ्यावर सगळं निभावून नेलं आहे. ही मला या चित्रपटातली सर्वांत मोठी उणीव वाटते. शंभर घरांची चूल एका संचालकाच्या बोटांवर अवलंबून ठेवणं कथेला शोभतं, धोरणाला नाही.

फ्रॉस्टचा हिशेब मात्र तंतोतंत खरा निघाला. चित्रपट लागला त्याच हिवाळ्यात एनबीसी रेडिओने स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. पहिलं प्रक्षेपण नोव्हेंबर १९३७ मध्ये पिएर माँत्यूच्या संचलनाखाली झालं. पण तो वाद्यवृंद उभा राहिला होता आर्तुरो तोस्कानिनी या ख्यातनाम इटालियन संचालकासाठी, आणि त्याची पहिली मैफल २५ डिसेंबरला झाली. आधी नाव, मग वादक. तोस्कानिनीचं वय तेव्हा ७० होतं. सत्तरीत त्याच्यासाठी अख्खा वाद्यवृंद तयार होतो आणि पन्नाशीतल्या ट्रॉम्बोनवाल्याला दारवान आत सोडत नाही, म्हणजे वय हा अडसर सर्वांना सारखा नसतो. नाव असलं की ते अनुभवात जमा होतं, नसलं की नावे पडतं.

आणि एक गोष्ट, जी कळल्यावर जिन्याचा प्रसंग मला पूर्वीसारखा पाहता आला नाही. पडद्यावर वाजवताना दिसतात ते वादक आणि कानांवर येणारा वाद्यवृंद निराळे आहेत. स्टोकोव्स्कीच्या संचलनातलं संगीत फिलाडेल्फियाच्या अ‍ॅकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राकडून आधीच मुद्रित करून घेतलं होतं. वाद्यांचे गट वेगवेगळ्या मार्गिकांवर, आणि मग एकत्र मिसळून. त्या काळाच्या मानाने हे फार पुढचं तंत्र. बेल प्रयोगशाळेबरोबर काही वर्षं ध्वनीचे प्रयोग करणाऱ्या स्टोकोव्स्कीला त्याची आवड होतीच. म्हणजे बोलपटाच्या ज्या तंत्राने खड्ड्यातल्या वादकांची खुर्ची काढून घेतली, त्याच तंत्राने त्यांच्या विजयाचं संगीत भरलं आहे, आणि ते वाजवणारे देशातले सर्वांत सुस्थित वादक आहेत. याने चित्रपट खोटा ठरतो असं मी म्हणणार नाही. ऱ्हाप्सोडीतल्या तंतुवाद्यांचा तो घनदाट नाद ऐकल्यावर कुणी तसं म्हणू शकेल असं वाटत नाही. पण ज्यांची ही कथा आहे त्यांचं वादन तिच्यात नाही, ही नोंद प्रकरणात असलीच पाहिजे.

आपल्याकडचा धागा

हीच लाट थोड्या उशिराने मुंबईला लागली. मार्च १९३१ मध्ये पहिला हिंदी बोलपट, पुढच्या वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. मूकपटांना साथ करणाऱ्या गोव्याच्या वादकांना हॉटेलांतल्या नाचाच्या बँडकडे आणि पुढे सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाकडे वळावं लागलं. संगीत नाटकाचं तर कंबरडंच मोडलं. ज्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष होते, तिचे धनी बालगंधर्व १९३५ मध्ये 'धर्मात्मा'साठी कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. थिरकवांच्या नावाला पुढे दरबार आणि मैफली मिळाल्या. नाटक मंडळ्यांबरोबर गावोगाव हिंडलेल्या इतर किती साथीदारांचं काय झालं, त्यांच्यावर कुणी हसतखेळत चित्रपट काढला नाही.

गोव्याच्या वादकांच्या बाबतीत 'ऐकायला लावणं' एकाने मनावर घेतलं होतं. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक आणि संगीत संयोजक अँथनी गोन्साल्विस. त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत भारतीय आणि पाश्चात्त्य वादकांचा मोठा वाद्यवृंद उभा करून स्वतःच्या रचना सादर केल्या, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ज्यांची नावं येत नसत, ते वादक व्यासपीठावर लोकांना समोर दिसले. त्यांना फ्रॉस्टसारखा प्रायोजक टिकवून धरता आला नाही, प्रयोग फार काळ चालला नाही. त्यांचं नाव घरोघरी गेलं ते १९७७ मधल्या एका विनोदी गाण्यामुळे, शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला दिलेली ती मानवंदना. गाणं गुणगुणणाऱ्यांतल्या बहुतेकांना हा खरा माणूस आहे याची कल्पनाही नव्हती. नाव पोचलं, संगीत मागे राहिलं. कार्डवेलच्या बाबतीत झालं त्याच्या बरोबर उलट.

स्टोकोव्स्कीचं पुढचं आयुष्य या प्रकरणाला एक वेगळीच जोड देतं. चित्रपटाच्या वेळी तो ५५ वर्षांचा होता. १९४० मध्ये त्याने तरुण वादकांचा वाद्यवृंद काढला, आणि १९६२ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. १९६५ मध्ये याच वाद्यवृंदाबरोबर त्याने चार्ल्स आइव्हजची चौथी सिंफनी पहिल्यांदा पूर्ण सादर केली. ती रचणारा आइव्हज विमा व्यवसायात आयुष्य घालवून १९५४ मध्येच वारला होता. ऐकणारा कान यायला त्याच्या बाबतीत मरणानंतर ११ वर्षं लागली. स्टोकोव्स्कीने स्वतः ९४ व्या वर्षी एका ध्वनिमुद्रिका कंपनीशी शंभरीपर्यंतचा करार केला आणि ९५ व्या वर्षी, सप्टेंबर १९७७ मध्ये, तो गेला तेव्हा पुढची मुद्रणं ठरलेली होती.